औषधविक्रीचे नियम आणि गावाची जागरूकता

(महागाव, जि. यवतमाळ येथे पंचायत सदस्य, शिक्षक व कर्मचारी यांच्यासमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



नागपूर-तुळजापूर महामार्गावरील महागाव हे तालुक्याचे ठिकाण. आसपासच्या खेड्यांतील माणसे येथे बाजाराला येतात, दवाखान्यात जातात आणि परतीची गाडी धरण्यापूर्वी औषधाच्या दुकानासमोर उभी राहतात. औषध रोग्याच्या हाती पडण्यापूर्वी जाणत्या माणसाची अखेरची नजर त्यावरून फिरते ती येथेच. ती खरोखर फिरावी यासाठी कायद्याने काय व्यवस्था केली आहे, हे प्रत्येक गावाने जाणून घेणे अगत्याचे आहे.

या व्यवस्थेचा पाया दोन कायद्यांवर उभा आहे. १९४० चा औषधे व सौंदर्यप्रसाधने अधिनियम व त्याखालील १९४५ चे नियम दुकानाला लागू होतात. १९४८ चा फार्मसी अधिनियम फार्मासिस्टला लागू होतो. फार्मसी अधिनियमाच्या कलम ४२ नुसार डॉक्टरांच्या चिठ्ठीवरील औषध तयार करून देण्याचा अधिकार नोंदणीकृत फार्मासिस्टलाच आहे. १९४५ च्या नियमांतील नियम ६५ अन्वये असे औषध फार्मासिस्टने स्वतः किंवा त्याच्या प्रत्यक्ष देखरेखीखाली दिले गेले पाहिजे. ‘प्रत्यक्ष’ हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. भिंतीवर टांगलेले प्रमाणपत्र देखरेख करीत नाही, माणूस करतो. प्रमाणपत्र एकाचे आणि गल्ल्यावर दुसराच, ही रीत या नियमाच्या मुळावरच घाव घालते. २०१२-१३ च्या सुमारास राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाने दुकानात फार्मासिस्ट हजर असण्याबाबत कडक धोरण स्वीकारले, तेव्हा औषधविक्रेत्यांनी बंद पुकारले होते. नियम जुना होता. त्याची अंमलबजावणी तेवढी नवी वाटली.

चिठ्ठीचेही नियम आहेत. ती लेखी, सहीची व तारखेची असावी. तीत रोग्याचे नाव व पत्ता, औषधाचे एकूण प्रमाण आणि मात्रा नमूद असावी. डॉक्टरांनी तसे लिहिले नसेल, तर त्याच चिठ्ठीवर औषध दुसऱ्यांदा देता येत नाही. अनुसूची ‘एच’मधील औषध चिठ्ठीवाचून देता येत नाही आणि चिठ्ठीतील अशा औषधाऐवजी दुसरे औषध परस्पर देण्यासही मनाई आहे. काही प्रतिजैविके, क्षयरोगावरील औषधे व सवय लावणारी औषधे १ मार्च २०१४ पासून अनुसूची ‘एच-१’खाली आली. त्यांच्या विक्रीची वेगळी नोंदवही ठेवावी लागते. तीत डॉक्टर, रोगी, औषध व प्रमाण यांची नोंद करून ती ३ वर्षे जपावी लागते. २०१५ च्या फार्मसी व्यवसाय विनियमांनी रोग्याला औषध कसे व केव्हा घ्यावे हे समजावून सांगणे, हेही फार्मासिस्टचे कर्तव्य ठरविले आहे.

हे नियम केवळ कागदी नाहीत. १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डायएथिलिन ग्लायकॉल हे विष मिसळलेले ग्लिसरिन दिले गेल्याने १४ रोगी दगावले. न्यायमूर्ती लेंटिन आयोगाच्या चौकशीत खरेदीपासून तपासणीपर्यंतची ढिलाई उजेडात आली. तेच विष २०२५ मध्ये मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात खोकल्याच्या औषधातून बालकांच्या पोटात गेले. त्यांपैकी अनेकांना उपचारासाठी नागपुरास आणावे लागले. अशा वेळी कोणत्या उत्पादन तुकडीची बाटली कोणाच्या घरी गेली हे शोधण्यास बॅच क्रमांक लिहिलेली पावतीच उपयोगी पडते. आपल्याच जिल्ह्यात घाटंजी तालुक्यातील कापसी-कोपरी येथे ३१ जानेवारी २०२१ रोजी पोलिओ डोसाऐवजी १२ बालकांना सॅनिटायझरचे थेंब पाजले गेले. ती बालके सुदैवाने बचावली; पण बाटली उघडण्यापूर्वी तिच्यावरील चिठ्ठी वाचणे किती मोलाचे आहे, हे तेथे दिसून आले.

चूक झाली तर पुढे काय होते? येथे दोन वाटा आहेत. परवान्याच्या अटी मोडल्या तर अन्न व औषध प्रशासन कारणे दाखवा नोटीस देऊन दुकानाचा परवाना निलंबित किंवा रद्द करू शकते. दुसरी वाट राज्याच्या फार्मसी कौन्सिलची. कलम ३६ नुसार खोट्या माहितीवर नोंदणी मिळविणे, गुन्ह्यात दोषी ठरणे किंवा व्यवसायास लांछनास्पद वर्तन करणे या कारणांवरून फार्मासिस्टचे नाव नोंदपुस्तकातून काढता येते. नोकराच्या अपराधाबद्दलही, त्यात फूस, डोळेझाक किंवा हयगय आढळल्यास, मालक फार्मासिस्टला जबाब द्यावा लागतो. मात्र त्याची बाजू ऐकल्यावाचून असा आदेश होत नाही. आदेशास कौन्सिलची मान्यता लागते आणि त्याविरुद्ध ३० दिवसांत राज्य शासनाकडे अपील करता येते. काढलेले नाव योग्य कारण असल्यास पुन्हा नोंदविण्याचीही तरतूद आहे. शिस्त कडक आहे, पण ती न्यायाला सोडून नाही.

लहान गावांची अडचण कायद्याने ओळखली आहे. १००० पेक्षा अधिक लोकसंख्या नसलेल्या खेड्यात पॅरासिटामॉलच्या गोळ्या, वेदनाशामक मलम, आम्लपित्तावरील औषध, बँडेज यांसारख्या घरगुती वस्तू किराणा दुकानातही विकता येतात. त्या परवानाधारक विक्रेत्याकडून आणलेल्या व मूळ बंद वेष्टनातच असल्या पाहिजेत. या सवलतीत प्रतिजैविके बसत नाहीत.

पंचायत सदस्यांनी ग्रामसभेत आणि शिक्षकांनी वर्गात चार गोष्टी सांगितल्या तरी पुष्कळ काम होईल. औषध घेताना फार्मासिस्ट कोण, हे विचारावे. वेष्टनावरील मुदत पाहावी. बॅच क्रमांकासह पावती घ्यावी आणि औषध संपेपर्यंत जपून ठेवावी. उणीव दिसली तर जिल्ह्याच्या अन्न व औषध प्रशासन कार्यालयाकडे लेखी तक्रार करावी. यात दुकानदाराशी वैर धरण्याचा प्रश्न नाही. नियम पाळणाऱ्या फार्मासिस्टला अशा गिऱ्हाइकाचे ओझे वाटत नाही. उलट त्याच्या विद्येची बूज राखली जाते. निरीक्षक दुकानात कधीतरी येतो, गिऱ्हाईक मात्र रोज येते. त्यानेच विचारणा सुरू केली, तर कायदा महागावच्या पेठेत रोज हजर राहील.