कंबरेची लवचिकता : मोजमाप आणि त्याचा अर्थ
(वार्षिक सभेतील भाषण)



दरवर्षी या सभेत आम्ही जमाखर्च मांडतो. आज एका लाकडी खोक्याचा हिशेब मांडण्याची अनुमती घेत आहोत. जमिनीवर पाय सरळ पसरून, तळवे खोक्याला टेकवून, गुडघे न वाकवता हाताची बोटे किती पुढे जातात, हे त्यावरील पट्टीवर मोजले जाते. वेल्स आणि डिलन यांनी १९५२ मध्ये ही चाचणी मांडली. २०१९ मध्ये सुरू झालेल्या फिट इंडिया अभियानाच्या शालेय चाचण्यांतही तिचा समावेश आहे.

आपल्या जिल्ह्यातून अनेक आदिवासी कुटुंबे ऊसतोडीसाठी गुजरातेत जातात. दिवसभर बुडख्याशी वाकून कोयता चालवायचा आणि मोळ्या डोक्यावर वाहायच्या, हे त्यांचे काम. अशा श्रमकऱ्यांसाठी आम्ही हे खोके शिबिरात नेले. हंगाम संपवून परतलेल्या एका भगिनीची बोटे पट्टीवर सहज पुढे गेली. आकडा उत्तम, म्हणून नोंद झाली, ‘कंबर ठीक’. कंबर दुखते, हे तिने सांगितले होते; परंतु आमच्या तक्त्यात त्यासाठी रकानाच नव्हता. काही आठवड्यांनी ती बधिर झालेला पाय ओढत रुग्णालयात आली. चूक तिची नव्हती, आमची होती.

आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर; म्हणून आमच्या भाषेत सांगतो. खोक्यावरील आकडा ही केवळ बेरीज आहे. नितंबाचा सांधा, मांडीच्या मागचे स्नायू, कंबरेचे मणके, पाठ, खांदे आणि हातापायांची लांबी ही त्यातील पोटखाती. एका खात्यातील तूट दुसरे खाते भरून काढते आणि बेरीज चांगली दिसते. ही चाचणी मांडीच्या स्नायूंविषयी बऱ्यापैकी सांगते, कंबरेविषयी फारच थोडे, असाच संशोधनाचाही निष्कर्ष आहे. वाढत्या वयातील मुलांचे पाय हातांच्या मानाने लांब असू शकतात. त्यांचा कमी आकडा हा दोष समजू नये.

म्हणून आता प्रथम विचारपूस होते, मग मोजमाप. उताणे झोपवून गुडघा सरळ ठेवून पाय उचलला जातो. केवळ मांडीच्या मागे ताण आला तर स्नायू आखडलेले असू शकतात. कळ गुडघ्याखाली उतरली तर शिरेवरील दाबाची शंका घेतली जाते. उभ्या रुग्णाच्या कंबरेवर १५ सेंटिमीटर अंतरावर दोन खुणा केल्या जातात. वाकल्यावर हे अंतर सामान्यतः ५ सेंटिमीटर किंवा अधिक वाढते. यास लागते ती शिंप्याची टेप आणि फिजिओथेरपिस्टचा वेळ.

नातेवाईकांनी एवढे अवश्य लक्षात ठेवावे : पायातील शक्ती कमी होणे, जांघेत बधिरपणा, लघवी वा शौचावरील ताबा जाणे, अथवा कंबरदुखीसोबत ताप व वजन घटणे दिसल्यास मालिश वा व्यायाम न करता रुग्णास त्वरित रुग्णालयात आणावे. मणक्याचा क्षयही कंबरदुखीच्या रूपाने येतो.

देणगीदारहो, खोके एकदाच विकत घ्यावे लागते. रुग्णाचे ऐकून घेणाऱ्या माणसाचे वेतन मात्र दरमहा द्यावे लागते. आपल्या साहाय्याची खरी गरज तेथे आहे. आमच्या तक्त्यात आता पहिला रकाना आहे, ‘रुग्णाचे म्हणणे’. तो कधीही कोरा राहू नये, यासाठी आपला लोभ असाच असू द्यावा, ही नम्र विनंती.