सेवेत असताना अपंगत्व आले तर
(शाखा पदाधिकाऱ्यांच्या अभ्यास शिबिरात केलेले भाषण)



कार्यक्रमपत्रिकेत आमच्या नावापुढे 'राष्ट्रीय अपंग धोरण व पुनर्वसन' असा विषय छापला आहे. विषय मोठा आणि आम्ही मॅट्रिक. तेव्हा धोरणाचे पुस्तक वाचून दाखविण्यापेक्षा, लाइनवर काम करणाऱ्या माणसाला त्या धोरणाचा उपयोग कोठे होतो आणि कोठे होत नाही, तेवढे सांगतो. आम्ही बोलणार आहोत ते काम करता करता हात, पाय, डोळे किंवा कान गमावलेल्या कामगाराबद्दल. सरकारी कागदावर आता 'दिव्यांग' म्हणतात. आम्हाला जुना 'अपंग' शब्द तोंडात बसला आहे, तोच वापरतो. कोणी राग मानू नये.

आपल्या देशात कामगाराच्या अपंगत्वाचा विचार प्रथम झाला तो पैशाच्या रूपाने. १९२३ चा नुकसान भरपाईचा कायदा आपल्यापैकी जुन्या मंडळींना पाठ आहे. त्याच्या परिशिष्टात तक्ता होता. अंगठा गेला तर कमाईची ताकद ३० टक्के कमी झाली असे धरायचे, तर्जनी पूर्ण गेली तर १४ टक्के, एक डोळा गेला आणि दुसरा चांगला असला तर ४० टक्के. नोव्हेंबर २०२५ मध्ये सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली आणि तो कायदा तिच्यात गेला. तक्त्याची पद्धत मात्र चालूच आहे. तक्ता वाईट आहे असे आम्ही म्हणत नाही. त्या काळी तो मिळविणे हीसुद्धा मोठी गोष्ट होती. पण पैसे हातात पडल्यावर सोमवारी सकाळी त्या माणसाने जायचे कोठे, हे तक्त्यात लिहिलेले नव्हते.

स्वातंत्र्यानंतर सरकारने पावले टाकली. मुंबईत १९५९ साली अपंगांसाठी खास एम्प्लॉयमेंट एक्स्चेंज निघाले. १९६८ मध्ये मुंबई आणि हैदराबाद येथे व्यवसाय पुनर्वसन केंद्रे सुरू झाली. १९७७ पासून केंद्र सरकारच्या 'क' आणि 'ड' वर्गातील जागांत ३ टक्के आरक्षण आले. कृत्रिम अवयव बनविणारा सरकारी कारखाना कानपूरला उभा राहिला, आणि जयपूरचा पाय तर जगभर गेला. हे सगळे चांगलेच. परंतु नीट पाहिले तर एक्स्चेंज असो वा आरक्षण, ही व्यवस्था दाराबाहेरच्या माणसाला आत घेण्याची होती. आत असलेला माणूस अपंग झाला म्हणजे त्याला बाहेर काढू नका, असे सांगणारा कायदा नव्हता.

उलट, कामगार कायद्यातच एक खिडकी उघडी होती. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात कामगार कपातीची व्याख्या होती. 'सततच्या अनारोग्यामुळे' काढलेला माणूस त्या व्याख्येतून वगळलेला होता, म्हणजे त्याला कपातीची भरपाईसुद्धा लागू नाही. राजस्थानच्या एसटीतील काही ड्रायव्हर बस चालवून चालवून डोळ्यांनी अधू झाले, म्हणून त्यांना घरी पाठविले. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेले. आनंद बिहारी यांच्या नावाचा तो निकाल १९९१ च्या रिपोर्टात आहे. कोर्टाने व्याख्या बदलली नाही, पण ज्या कामाने डोळे गेले त्याच कामावरून माणसाला रिकाम्या हाताने घालविणे अन्यायाचे आहे असे ठरविले, आणि पर्यायी काम द्या, काम नसेल तर नोकरीच्या वर्षांप्रमाणे भरपाई द्या, असा आदेश दिला.

आपल्या रेल्वेतही तेव्हा काय होते? मेडिकल बोर्डाने ड्रायव्हरला ए-वनमधून उतरविले की तो 'डिकॅट' झाला. काही महिन्यांची रजा, त्या काळात दुसरी जागा शोधायची. मिळाली तर बहुधा खालच्या पगारावर, नाही मिळाली तर सेवा समाप्त. काल मेल चालविणारा माणूस आज साहेबाच्या केबिनबाहेर पाण्याचा ग्लास घेऊन उभा, असे चित्र आम्ही नोकरीला लागलो तेव्हा पाहिलेले आहे. त्याच्या मुलांनी ते पाहिले, हे आम्हाला जास्त लागत असे.

हे बदलले १९९५ च्या कायद्याने. डिसेंबर १९९५ मध्ये संसदेने अपंग व्यक्तींचा कायदा मंजूर केला. त्यासाठी जावेद अबिदी आणि त्यांच्या सोबत्यांनी दिल्लीत आवाज उठविला होता, हे कामगार चळवळीने विसरू नये. व्हीलचेअरवरून मोर्चे काढणारी ती माणसे आपल्याच जातकुळीची. ७ फेब्रुवारी १९९६ पासून तो कायदा लागू झाला. त्यातील कलम ४७ आमच्या दृष्टीने सगळ्यात मोलाचे. सेवेत असताना अपंगत्व आलेल्या कर्मचाऱ्याला काढता येणार नाही आणि त्याचा हुद्दाही कमी करता येणार नाही. जुने काम जमत नसेल तर त्याच पगारश्रेणीत दुसरे द्या. दुसरी जागा नसेल तर सुपरन्युमररी पोस्ट, म्हणजे जादा पद, निर्माण करून त्यावर ठेवा, जागा मिळेपर्यंत किंवा निवृत्तीपर्यंत. आणि केवळ अपंगत्वामुळे बढती नाकारू नका.

रेल्वे बोर्डाने यानुसार आपले नियम बदलले ते १९९९ मध्ये. रनिंग स्टाफला पर्यायी जागा देताना मूळ पगारात ३० टक्के मिळवून पगार बसवायचा, हेही त्यातले. मग २००३ मध्ये कुणाल सिंग यांच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने आणखी एक पळवाट बंद केली. पाय कापावा लागलेल्या कॉन्स्टेबलला 'तुला अपंगत्वाची पेन्शन दिली ना, मग नोकरी कशाला' असे उत्तर मिळाले होते. कोर्ट म्हणाले, पेन्शन दिली म्हणून कलम ४७ टळत नाही. पुढे २००६ चे राष्ट्रीय धोरण आले, २००७ मध्ये भारताने संयुक्त राष्ट्रांचा करार मान्य केला, आणि २०१६ च्या नव्या कायद्याने अपंगत्वाचे प्रकार २१ केले, आरक्षण ४ टक्के केले. जुने कलम ४७ आता कलम २० च्या पोटकलम ४ मध्ये आहे. एक लक्षात ठेवा. आरक्षणासाठी ४० टक्क्यांची अट आहे. नोकरी टिकविण्याच्या या पोटकलमात टक्केवारी लिहिलेली नाही. ऑफिसात कोणी ४० टक्क्यांचे सर्टिफिकेट आणल्याशिवाय फाइल घेत नसेल तर त्याला कलम वाचायला द्या.

इतका कायदा असूनही कामगाराचे पुनर्वसन होते का? आमच्या शाखेतील एका शंटरची गोष्ट सांगतो. पावसाळ्यात यार्डात पाय घसरला, गुडघ्याखाली पाय गेला. युनियनने धावपळ केली आणि नियमाप्रमाणे सुपरन्युमररी पोस्ट मिळाली. पगार शाबूत. आम्ही समजलो, काम फत्ते. त्याला एका ऑफिसच्या व्हरांड्यात स्टूल दिले. काम काहीच नाही. सकाळी सही, संध्याकाळी सही. संडास वरच्या मजल्यावर, म्हणून तो दिवसभर पाणी पीत नसे. पोरे त्याला 'सुपर' म्हणून हाक मारीत. तीन वर्षे असे चालले. शेवटी तोच म्हणाला, "साहेब, पगार बंद करा पण मला काहीतरी करू द्या." हा मनुष्य बावीस वर्षे यार्डात काढलेला. कोणत्या पॉइंटवर डबा अडतो, धुक्यात हात-सिग्नल कसा द्यायचा, हे त्याच्याइतके त्या डिव्हिजनमध्ये फार थोड्यांना माहीत. आम्ही लेखी मागणी केली की याला नव्या पॉइंट्समनच्या शिकवणीवर घ्या. फाइल सहा टेबलांवर फिरली. एका अधिकाऱ्याने विचारले, "याला शिकविण्याची पात्रता काय?" अखेर त्याला घेतले. खाली संडासही झाला, तो मात्र दुसऱ्याच कारणाने झाला.

तेव्हा शाखा सचिवांनो, सुपरन्युमररीचा कागद मिळाला की फाइल बंद करू नका. काम काय दिले, बसायला कोठे, चढायला रॅम्प आहे का, बढतीच्या यादीत नाव लागले का, हे पाहा. आणि त्याआधीचे एक काम. इस्पितळात पडलेल्या माणसाकडे कोणी कागद घेऊन गेले तर आपला माणूस शेजारी असला पाहिजे. वेदनेत आणि घरच्यांच्या रडारडीत स्वेच्छानिवृत्तीवर सह्या होतात. 'मुलाला लावून घेऊ' असे तोंडी सांगणारे पुष्कळ भेटतात. त्या तोंडी शब्दावर सही करू देऊ नका.

आता खरी अडचण. हे पोटकलम ४ फक्त सरकारी आस्थापनांना लागू आहे. १९९५ च्या कायद्यातही व्याप्ती सरकारी, निमसरकारी आणि सरकारी अनुदान घेणाऱ्या संस्थांपुरतीच होती. खासगी मालकाने समान संधीचे धोरण कागदावर ठेवावे, अपंग कामगार घेतले तर सरकार प्रोत्साहन देईल, एवढेच. आपल्या रुळांवर आज कोण काम करतो? खडी टाकणारा, डबे धुणारा, ओव्हरहेड तारेच्या खांबांचे खड्डे खणणारा, बहुतेक ठेकेदाराचा माणूस. कायम ट्रॅक मेंटेनर आणि ठेक्याचा मजूर एकच रूळ दोन टोकांनी उचलतात. रूळ निसटला तर एकाला त्याच पगाराची जागा, दुसऱ्याला त्याच दिवशी घरचा रस्ता. मागे खडी उतरविताना एका मजुराची तीन बोटे गेली. ठेकेदाराने पट्टी बांधून दिली, हातात काही नोटा ठेवल्या, आणि मुकादमाने वहीतून नाव खोडले. तो कोणत्या गावचा, हेही आम्हाला आठ दिवसांनी कळले. आमच्यातीलच काही जण तेव्हा म्हणाले, तो आपला मेंबर नाही. असे म्हणणाऱ्यांनी येत्या दहा वर्षांत मेंबर कोण उरणार याचा हिशेब करावा.

कायदा त्याच्यासाठी अगदीच मुका नाही. ठेकेदाराच्या मजुराला कामावर इजा झाली तर भरपाईची जबाबदारी मूळ मालकावर टाकता येते, हे तत्त्व १९२३ पासून आहे. मूळ मालकाने ते पैसे नंतर ठेकेदाराकडून वसूल करावेत. दावा दोन वर्षांच्या आत करावा लागतो. त्यासाठी अपघाताची नोंद, हजेरीची वही आणि दोन साक्षीदार पाहिजेत, आणि तिन्ही गोष्टी दुसऱ्या दिवशी नाहीशा होतात. म्हणून त्याच संध्याकाळी वहीच्या पानाचा मोबाइलवर फोटो घ्या. ईएसआय लागू असेल तर नंबर लिहून घ्या. एवढे केले तर निदान तक्त्याचे पैसे मिळतील.

नोकरी मात्र मिळणार नाही, कारण तसे कलमच नाही. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा १९८३ चा १५९ क्रमांकाचा ठराव अपंगांच्या व्यवसाय पुनर्वसनाचा आहे. तो भारताने अद्याप मान्य केलेला नाही. आमची सूचना अशी की फेडरेशनच्या मागणीपत्रात हा ठराव घालावा, आणि पोटकलम ४ मधील 'सरकारी' हा शब्द काढून ते प्रत्येक आस्थापनेला, ठेकेदारासह, लागू करण्याची मागणी घालावी. ठेका बदलला तरी जखमी मजूर नव्या ठेकेदाराने कामावर घ्यावा, ही अट टेंडरमध्येच टाकता येते. त्याला संसद लागत नाही, बोर्डाचे एक परिपत्रक पुरे.

जेवणाची वेळ झाली आहे. टेबलावर एक छापील फॉर्म ठेवला आहे. गेल्या दोन वर्षांत आपापल्या डेपोत, यार्डात, साइटवर जखमी झालेल्या ठेका मजुरांची नावे, गाव, ठेकेदार, तारीख आणि इजा एवढेच त्यात भरायचे आहे. ज्यांची मुदत संपत आली आहे त्यांचे फॉर्म वेगळे द्या, ते आम्ही आधी घेऊ.