कुंपण आणि वाट

‘कुंपणानेच शेत खाल्ले’ अशी आपल्या भाषेत एक म्हण आहे. राखणदारच भक्षक झाला म्हणजे ती आपल्याला आठवते. परंतु कुंपण कशाची राखण करते आणि कोणाला अडवते, हा प्रश्न विचारावयाचा बहुधा राहून जातो. इंग्लंडमधील एका डोंगरावर हा प्रश्न शंभर वर्षांच्या आत दोनदा उभा राहिला. त्या डोंगराची हकीगत आज आपणांपुढे ठेवावयाची आहे.

डोंगराचे नाव किंडर स्काउट. मँचेस्टर आणि शेफील्ड या दोन उद्योगनगरांच्या मध्ये, डर्बीशायरात तो आहे. उंची अवघी ६३६ मीटर. माथ्यावर सुळका असा नाही. आहे ते ओलसर, वृक्षहीन, वाऱ्याने झोडपलेले पठार. अशा भूमीला तिकडे ‘मूर’ म्हणतात. तेथे ‘हेदर’ नावाचे जांभळ्या फुलांचे झुडूप वाढते, आणि त्याखाली अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा काळा थर असतो. त्याला ‘पीट’ असे नाव आहे. हा थर वर्षाला जेमतेम एक मिलिमीटर वाढतो. म्हणजे पुरुषभर खोलीचा पीट साचावयास हजार-दोन हजार वर्षे सहज लागतात.

विसाव्या शतकाच्या आरंभी हे पठार जमीनदारांच्या मालकीचे होते. ‘ग्राउझ’ नावाच्या पक्ष्यांच्या शिकारीसाठी ते राखलेले असे. शिकार चालावयाची वर्षातून थोडे दिवस. पहारेकरी मात्र बारमाही. आठवडाभर गिरण्यांत आणि कारखान्यांत राबणाऱ्या माणसाला रविवारी डोंगर समोर दिसे, पण त्यावर पाय ठेवण्यास मनाई होती. २४ एप्रिल १९३२ रोजी बेनी रॉथमन या वीस वर्षांच्या तरुणाच्या पुढाकाराने काही शे लोक ही मनाई जाणूनबुजून मोडून डोंगर चढून गेले. पहारेकऱ्यांशी झटापट झाली. पाच तरुणांना दोन ते सहा महिन्यांच्या कैदेच्या शिक्षा झाल्या. त्या शिक्षांनीच लोकमत जागे झाले. १९४९ मध्ये राष्ट्रीय उद्यानांचा कायदा झाला, १९५१ मध्ये ब्रिटनमधील पहिले राष्ट्रीय उद्यान याच प्रदेशात निघाले, १९८२ मध्ये किंडर ‘नॅशनल ट्रस्ट’ या संस्थेच्या ताब्यात आले, आणि २००० सालच्या कायद्याने अशा मोकळ्या माळांवर पायी हिंडण्याचा हक्क सर्वांना मिळाला. २००२ मध्ये डेव्हनशायरच्या ड्यूकने आपल्या आजोबांच्या वर्तनाबद्दल जाहीर क्षमा मागितली. माणसांविरुद्धचे कुंपण असे पडले.

परंतु वाट मोकळी झाली, त्या वेळी डोंगर झिजत चालला होता. त्याची कारणे एकाहून अधिक होती. ज्या मँचेस्टरचे कापड एके काळी आपल्या बाजारपेठांत भरून राही, त्याच्या धुराड्यांतील गंधकयुक्त धूर पिढ्यान्‌पिढ्या या पठारावर उतरला. आपल्या वजनाच्या कितीतरी पट पाणी धरून ठेवणारे ‘स्फॅग्नम’ शेवाळ त्याने मारले. वणव्यांनी वरची झुडपे जाळली, चालणाऱ्यांच्या बुटांनी चिखल तुडविला, आणि उघड्या पडलेल्या पीटवर जो कोंब उगवेल तो मेंढरांनी खुडला. मेंढरू मुद्दाम उजाड करीत नाही; कोवळे असेल ते खाणे हा त्याचा धर्मच आहे. पण उघडा पीट पावसाने वाहून जातो, वाऱ्याने उडतो, आणि हजारो वर्षे त्यात कोंडलेला कार्बन हवेत मिसळतो.

म्हणून २०१० नंतरच्या काळात नॅशनल ट्रस्टने या पठाराभोवती तारेचे कुंपण घातले. हे होते मेंढरांविरुद्ध. आपल्याकडे ज्याला चराईबंदी म्हणतात तीच ही. माणसांसाठी त्यात जागोजाग फाटके व पायऱ्या ठेविल्या, आणि हिरवळ स्थिरावल्यावर कुंपण काढून टाकावयाचे असे ठरले. आत चुना, गवताचे बी आणि हेदरच्या तोडलेल्या फांद्या पसरल्या. घळींत लहान लहान बांध घातले. स्फॅग्नमची नवी रोपे लावली. काळी जमीन हिरवी झाली, आणि पावसानंतर ओढ्यांना येणारा लोंढा मंदावतो असेही मोजमापांत आढळले.

तरीही तक्रारी झाल्याच, आणि त्या पोकळ म्हणून झटकून टाकता येत नाहीत. ज्या डोंगरासाठी माणसे तुरुंगात गेली, तेथेच पुन्हा तार दिसावी, हे चालणाऱ्याला बोचते. तरुणाला जी पायरी सहज ओलांडता येते, ती वृद्धाला भिंत वाटते. वाटेवर जेथे शक्य असेल तेथे पायरीपेक्षा फाटकच हवे. मेंढपाळाची बाजू तर याहून नाजूक आहे. तिकडील कळपांना आपली हद्द कोणी आखून द्यावी लागत नाही. कोकरू ती आईच्या मागे हिंडून शिकते. कळप एकदा हलविला की पिढ्यांचे हे शिक्षण तुटते, आणि कुंपण काढल्यावरही ते आपोआप परत येत नाही. मेंढपाळाला भरपाईची रक्कम देता येते. कळपाची ही ओळख मात्र पैशाने विकत मिळत नाही.

मग कुंपण चांगले की वाईट? तारेकडे पाहून याचे उत्तर मिळणार नाही. त्या कुंपणाला फाटक आहे का, त्याची मुदत ठरलेली आहे का, आणि ते घालण्यापूर्वी ज्यांची तेथे वहिवाट होती त्यांना विचारले होते का, हे पाहिले पाहिजे. १९३२ च्या बंदीजवळ या तिन्हींचे उत्तर नव्हते. ती एकाच्या करमणुकीसाठी अनेकांना कायमचे दूर ठेवीत होती. आजचे कुंपण या कसोटीला उतरावयाचे असेल, तर दिलेली मुदत विसरता कामा नये. तात्पुरते म्हणून घातलेले कुंपण सवयीने कायमचे होते, हा सर्व देशांतील अनुभव आहे.

चालणाऱ्यांवरही एक जबाबदारी येते. पेनाइन पर्वतरांगेवरील पायवाटेने पीट तुडविला जाऊ लागला, तेव्हा कित्येक ठिकाणी दगडी फरश्या बसविण्यात आल्या. त्यांतील पुष्कळशा बंद पडलेल्या कापडगिरण्यांच्या जमिनीच्या होत्या. ज्या गिरण्यांच्या धुराने शेवाळ मारले, त्यांच्याच फरशीवरून आज लोक पीटला धक्का न लावता चालतात. हक्काने मिळालेल्या भूमीवर पाऊल जपून टाकणे, हे त्या हक्काचेच अंग आहे. फाटक उघडून आत जाणाऱ्याने ते आपल्यामागे लावून घेतले पाहिजे. तेवढे झाले तर डोंगरही राहील आणि वाटही राहील.