चार तारा आणि न वाजणारा सूर



आधी एक कबुली. आज ज्या वाद्याबद्दल बोलणार आहे, त्याचा सगळ्यात खालचा सूर तुमच्या रेडिओतून बाहेर पडणार नाही. संच बिघडलाय असं समजून त्याला थापट्या मारू नका. तो सूर सेकंदाला सुमारे ४१ कंपनांचा असतो आणि स्वयंपाकघराच्या फळीवरच्या ट्रान्झिस्टरचा वाटीएवढा स्पीकर इतका खाली उतरूच शकत नाही. गंमत अशी, की तरीही तो सूर तुम्हाला ऐकू येईल. कसा, ते सांगतो. पण जरा फेर घालून.

वाद्याचं नाव बेस गिटार. आमच्या देपालपूरच्या घरी ते मागच्या दिवाळीनंतर आलं. देपालपूर म्हणजे इंदूरपासून चाळीसेक किलोमीटरवरचं तहसिलीचं गाव. खरिपात सोयाबीन, रब्बीत गहू, आणि बाजारात ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग. माझे आजोबा होळकरांच्या राज्यात इथल्या कचेरीत कारकून होते, तेव्हापासून आम्ही इथले. घरात मराठी बोलतो, उंबऱ्याबाहेर मालवी. पुण्याचे पाहुणे आमचं मराठी ऐकून गालात हसतात, हसू देत.

तर माझा भाचा इंदूरला शिकतो. त्याने तिथे कुणाची तरी जुनी बेस गिटार विकत घेतली, घरातल्या दुलईत गुंडाळली आणि गंगवाल स्टँडवरून बस पकडली. पावणेचार फुटांचं ते धूड वाटेतल्या बेटम्यापर्यंत त्याच्या आणि शेजारच्या आजोबांच्या मांडीवर आडवं होतं. कंडक्टर म्हणाला, ‘भिया, तंबूरा है क्या?’ भाच्याला राग आला. मला वाटतं, कंडक्टरचा अंदाज फारसा चुकला नव्हता. माळव्यात गावोगाव कबीराची भजनं तंबुऱ्यावर चालतात. प्रल्हादसिंह टिपानियांच्या हातातला तंबूरा तर पद्मश्रीपर्यंत जाऊन आला. लांब दांडी, मोजक्या तारा आणि गाणाऱ्याच्या पायाखाली अंथरलेला सूर, हे पाहून कंडक्टरला आणखी काय वाटणार!

हे वाद्य ज्याने बाजारात आणलं, तो मुळात रेडिओ दुरुस्त करणारा माणूस, हे कळल्यावर मला फार बरं वाटलं. लिओ फेंडर त्याचं नाव. कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावात १९३८ मध्ये त्याने रेडिओदुरुस्तीचं दुकान टाकलं. दुकानात गाणारे-वाजवणारे आपापले भोंगे घेऊन यायचे आणि रडगाणी सांगायचे. त्यातलं एक रडगाणं बेसवाल्यांचं. तोवर खालचा सूर धरायला माणसाहून उंच असा डबल बेस असायचा. तो गाडीत मावत नसे, ढोल-पिपाण्यांच्या गदारोळात ऐकू येत नसे, आणि त्याला पडदे नसल्यामुळे सूर अंदाजाने शोधावा लागे. फेंडरने १९५१ मध्ये गिटारसारखं गळ्यात अडकवायचं, चुंबकाने तारेची थरथर उचलणारं आणि पडदे असलेलं वाद्य काढलं. नाव ठेवलं प्रिसिजन, म्हणजे अचूक. बोट पडद्यामागे ठेवलं की सूर नेमका. त्याच्या आधी, १९३० च्या दशकात, सिएटलच्या पॉल टटमार्कने असाच प्रयोग केला होता, पण तो चालला नाही. आणि फेंडरची खरी मौज पुढेच आहे. या माणसाला स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती.

भाच्यालाही येत नव्हती. पहिल्या रात्री दुलई सोडली, वायर लावणार तोच वीज गेली. त्याने तार छेडली. काहीच नाही. डासाएवढी गुणगुण.

‘मामा, फसलो. ह्याला आवाजच नाही!’

पोकळ पोट नसलेलं ते भरीव लाकूड, विजेशिवाय बोलणार कसं? मी त्याला म्हटलं, दांडीचं टोक त्या कपाटाला टेकव. आमच्याकडे आजोबांच्या वेळचं सागवानी कपाट आहे. टोक टेकवलं, तार छेडली, आणि अख्खं कपाट बोललं. आतली पितळी भांडी किणकिणली. मग त्याने वाद्याच्या वरच्या शिंगावर हनुवटी टेकवून पाहिली. सूर जबड्यातून थेट कानात. अंधारात तास-दीड तास तो हनुवटी टेकवून बसला होता, वीज आली तरी उठला नाही.

तेवढ्यात आतून आई आली. आई म्हणजे माझी आई, त्याची आजी. सत्तरी कधीच उलटली, पण तंबोरा अजून रोज जुळवते. म्हणाली, ‘सगळ्यात जाड तार पुन्हा वाजव. कोणत्या पट्टीत लावलीय?’ मी पेटी काढली. या वाद्याच्या चारही तारा पांढऱ्या पट्ट्यांवर मिळतात. जाडीच्या क्रमाने पांढरी तीन, पांढरी सहा, पांढरी दोन, पांढरी पाच, म्हणजे कंपनं अदमासे ४१, ५५, ७३ आणि ९८. प्रत्येक तार खालच्या तारेच्या मध्यमावर. आईने दुसऱ्या तारेला सा म्हटलं आणि लगेच हिशेब मांडला, ‘म्हणजे जाड तारेवर खालचा पंचम, तिसरीवर मध्यम, बारीक तारेवर कोमल निषाद. झालं की!’ भाचा दोन दिवस मोबाइलवर कसल्या कसल्या आकृत्या पाठ करत होता. त्याची ती सगळी पाठांतरं आजीने एका वाक्यात निकालात काढली.

आता मघाचं कोडं. तंबोरा नीट जुळला की खर्जाच्या तारेतून गंधार ऐकू येतो. कुणी लावलेला नसतो, आपोआप उमटतो. स्वयंभू गंधार म्हणतात त्याला. कारण एक तार कधी एकटी वाजत नाही. ती स्वतःच्या दुप्पट, तिप्पट, चौपट, पाचपट कंपनंही सोबत घेऊन येते, आणि त्यातला पाचपटीचा सूर म्हणजे गंधार. रेडिओवर याच्या नेमकं उलट घडतं. ४१ चा मूळ सूर स्पीकर गिळून टाकतो, पण १२३, १६५, २०६ अशी वरची पिल्लं थोडीफार बाहेर पडतात. कान ती ऐकतो, त्यांच्यातलं सारखं अंतर ओळखतो आणि हरवलेली आई स्वतःच जागेवर नेऊन बसवतो. तंबोऱ्यात खालच्या सुरातून वरचा सापडतो, ट्रान्झिस्टरवर वरच्यांतून खालचा. बेस गिटार शिकायला बसणाऱ्या आपल्याकडच्या पोराचा कान असा आधीच तयार असतो. त्याला ते कुणी सांगत नाही एवढंच.

सांगतात ते भलतंच. आमच्या गावात बेस हा शब्द आता पाचवीतल्या पोरालाही ठाऊक आहे, पण तो डीजेच्या गाडीमुळे. लग्नात ती गाडी येते, खिडक्यांची तावदानं थरथरतात, छातीत धडधडतं, आणि पोरं ओरडतात, ‘बेस बढ़ा!’ खरं सांगू, तो बेस नव्हे, तो धक्का. त्यात सूर कोणता ते विचारलं तर गाडीवाल्यालाही सांगता येणार नाही.

एक चूक आमच्या हातूनही झाली. भजनी मंडळाच्या पेटीसाठी एक छोटा स्पीकर आहे. भाच्याने त्यात वायर खुपसली, आवाज चढवला आणि जाड तार जोरात ओढली. फर्रर्र. स्पीकरचा कोन फाटला. बेसच्या सुराला कोन खूप मागे-पुढे हलवावा लागतो. गाण्याबोलण्यासाठी केलेल्या लहान स्पीकरला ते झेपत नाही. नवा कोन बसवायचे पैसे मी दिले आणि मंडळाची बोलणीही मीच खाल्ली. ज्यांच्या घरी हे वाद्य येणार असेल, त्यांनी सुरुवातीला हेडफोनवर भागवावं. शेजारीही दुवा देतील.

हाताचं म्हणाल, तर पहिला महिना बोटांचाच. तारा दोरीसारख्या जाड, आणि त्यांची वाजणारी लांबी चौतीस इंचांची, म्हणजे खुंट्यांकडच्या घोडीपासून पहिला पडदाच जवळजवळ दोन इंचांवर. चार बोटं चार पडद्यांवर ताणायला गेलं की मनगट भरून येतं. भाच्याचं आलं. मग डबल बेसवाल्यांची जुनी युक्ती सापडली. खाली तर्जनी, मधलं आणि करंगळी एवढीच वापरायची, अनामिकेने करंगळीला नुसता टेकू द्यायचा. बोट पडद्यावर ठेवायचं नाही, पडद्याच्या लगेच मागे, नाहीतर खरखर. उजव्या हाताची तर्जनी आणि मधलं बोट पाळीपाळीने, दोन पायांनी चालल्यासारखं. आणि ज्याला कुणी महत्त्व देत नाही ते हे, की जी तार वाजवायची नाही ती बोटाने दाबून गप्प ठेवायची. निम्मं शिक्षण गप्प बसवण्याचंच आहे.

भाच्याला अर्थात मोहिनी डे व्हायचं होतं. मुंबईची ही मुलगी, वडीलही बेस वाजवणारे. तिची बोटं बघताना माझीही तंद्री लागते. पण मी त्याला आठवडाभर एकच सूर दिला. भजनात तबल्याची सम आली की पांढरी सहा, बास. तो कंटाळला. सम येण्याच्या आधीच वाजवायला लागला. आई आतून ओरडली, ‘अरे, दारात उभा राहून घंटा काय वाजवतोस, आत ये की!’ त्या दिवसापासून तो समेवर येतो.

एकच सूर धरून बसण्यावरून एक गावाकडची गोष्ट आठवली. आमच्याच तहसिलीत गौतमपुरा आहे. मल्हारराव होळकरांची राणी गौतमाबाई, तिच्या नावाचं गाव. तिथे दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी हिंगोटाचं युद्ध होतं. हिंगोट म्हणजे एक टणक फळ, कोरून त्यात दारू भरायची आणि पेटवून समोरच्यावर सोडायचं. एक बाजू गौतमपुऱ्याची, तिचं नाव तुर्रा. दुसरी रुणजी गावची, तिचं नाव कलगी. भाजतं, लागतं, दवाखाने भरतात, तरी माणसं जातात. मराठी माणसाला ही नावं ऐकून दचकायला होईल, कारण आपल्याकडे कलगी-तुरा म्हणजे शाहिरांचा सवाल-जवाब. त्या सवाल-जवाबात शाहीर पुढे, डफ त्याच्या हातात आणि मागे तुणतुणेवाला. त्याचा सूर काही खालचा नव्हे, उलट चिरका. पण काम बेसचंच. एकच तार, एकच सूर, रात्रभर. शाहीर कुठेही भरकटू दे, परतायला घर जागेवर. आणि आपण त्याच्यावर म्हण काय केली? ‘आपलंच तुणतुणं वाजवतो.’ अहो, तो बिचारा जन्मभर दुसऱ्याचंच वाजवतो!

बेसवाल्याचंही तसंच. आर. डी. बर्मन यांची गाणी आपल्याला तोंडपाठ, पण त्यांच्या वाद्यवृंदात बेस गिटार वाजवणारे टोनी वाझ किती जणांना माहीत? मुंबईच्या स्टुडिओंत गोव्याच्या वादकांनी आधी डबल बेस, मग बेस गिटार असा खालचा मजला सांभाळला. त्याच स्टुडिओंत चरणजित सिंगही बेस वाजवत. त्यांची कथा ऐकण्यासारखी आहे. १९८१ मध्ये रोलँड या जपानी कंपनीने टीबी-३०३ नावाचं चपटं यंत्र काढलं. टीबी म्हणजे ट्रान्झिस्टर बेस. कल्पना अशी, की सोबतीला बेसवाला नसेल तर गिटारवाल्याने हे लावावं. आवाज बेस गिटारसारखा मुळीच आला नाही आणि दोन-तीन वर्षांत कंपनीने ते बंद केलं. पण १९८२ मध्ये चरणजित सिंगांनी त्यावर भैरव, ललत, यमन असे दहा राग डिस्कोच्या ठेक्यात बसवून तबकडी काढली. बेसवाल्याची जागा घ्यायला आलेलं यंत्र एका बेसवाल्यानेच रागदारीला जुंपलं! तेव्हा त्या तबकडीला फारसं कुणी विचारलं नाही. २०१० मध्ये पुन्हा निघाली, तेव्हा परदेशातले जाणकार चाट पडले.

आणि इंदूरला तरी खालचा सूर नवा कुठे आहे? होळकरांच्या दरबारात नाना पानसे पखवाज वाजवत. त्यांचं घराणंच इंदूरचं म्हणून ओळखलं जातं. पखवाजाच्या डाव्या तोंडाला, धुमेला, वाजवण्याआधी कणकेचा गोळा थापतात. कणीक जास्त, सूर खाली. कमी, तर वर. पोळीच्या कणकेने बेस जुळवणारी आपली माणसं. भाच्याने हे ऐकलं आणि आपल्या खुंट्या पिळता पिळता पहिल्यांदा हसला.

असो. वेळ संपत आली. आकाशवाणीच्या मालवा हाऊसमधल्या या स्टुडिओत मी जिथे बसलोय, त्याच्या शेजारच्या खुर्चीवर भाचा बसलाय, गळ्यात तेच दुलईतलं वाद्य. लहानपणी रेडिओवर इथूनच नंदाजी-भैराजी या जोडीच्या मालवी गप्पा ऐकायचो, त्यामुळे माझे हात जरा गार पडलेत, त्याचे नाहीत. काचेपलीकडून खूण झाली. देपालपूरला आई फळीवरचा ट्रान्झिस्टर कानाशी लावून बसली असेल. आई, सगळ्यात जाड तार आहे, पांढरी तीन. तुझ्या हिशेबाने खालचा पंचम.

हं, छेड रे.