चोवीस तास टिकणारी गाडी
(सेलू येथे मोटार-कारागीर आणि तंत्रशिक्षकांच्या परिषदेतील अध्यक्षीय भाषण)



फ्रान्समधल्या ल मां इथे १९२३पासून चोवीस तासांची मोटारशर्यत होते. चालक आळीपाळीने बदलतात, गाडी मात्र तीच. २०१० साली ऑडीच्या गाडीने एका दिवस-रात्रीत ५,४१० किलोमीटर कापले. आपल्या सेलू तालुक्यातून गेलेला समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा. तो साडेसातहून जास्त वेळा पालथा घालण्याएवढं हे अंतर!

अशा गाडीच्या इंजिनाचं कौतुक सगळेच करतात. २००६मध्ये डिझेलवर आणि २०१२मध्ये हायब्रिडवर ही शर्यत पहिल्यांदा जिंकली गेली, दोन्ही वेळा ऑडीनेच. मला मात्र त्याआधीची ऑडी आर-८ जास्त मोलाची वाटते. तिची गिअरपेटी आणि मागचं सस्पेन्शन सलग एका जोडणीत होतं, पाइपांचे जोड झटकन सुटणारे होते. गिअरपेटी बिघडली की अख्खी मागची बाजू उतरवून काही मिनिटांत दुसरी चढवायची. म्हणजे कागदावर आखणी होत असतानाच मिस्त्रीचा हात कुठे पोचेल, पाना कुठे फिरेल, हे कुणीतरी ठरवलं होतं. आपल्याकडे काही गाड्यांचा हेडलाइटचा साधा बल्ब बदलायला बंपर उतरवावा लागतो. हा कारागिराच्या वेळेचा आणि गिऱ्हाइकाच्या पैशाचा अपमान आहे. नव्या गाडीची आखणी करताना कंपन्यांनी गॅरेजवाल्यांना विचारलंच पाहिजे, असं मी या पदावरून ठामपणे सांगतो.

आता २०१६ची शर्यत. टोयोटा आघाडीवर होती, शेवटची काही मिनिटं उरली होती आणि गाडीची ताकद एकाएकी गेली. ती प्रेक्षकांच्या गॅलरीसमोरच थांबली, पोर्शे पुढे निघून गेली. इंजिन शाबूत होतं. टर्बो आणि इंटरकूलर यांच्यामधल्या हवेच्या नळीचा जोड निकामी झाला होता. अफाट खर्चाची, शेकडो अभियंत्यांची गाडी एका जोडापाशी अडली! टोयोटाला पहिला विजय मिळायला २०१८ उजाडलं. शिक्षकांनो, इंजिन उघडायला शिकवण्याआधी मुलांना होज आणि क्लॅम्प तपासायला शिकवा. तेलाचा ओशटपणा कुठे आलाय, रबर कुठे चिरलंय, हे बोटांना कळलं पाहिजे.

या शर्यतीचं देणं आपल्या रोजच्या कामातही आहे. १९५३ साली जॅग्वारने चारही चाकांना डिस्क ब्रेक लावून ल मां जिंकली; पुढे तेच ब्रेक साध्या मोटारींत आले. आज शर्यतीत धावत्या गाडीच्या टायरमधला दाब पिटमध्ये बसून पाहतात, कारण हवा कमी झाली की टायरची बाजू सतत वाकते, आतून तापते आणि फुटते.

समृद्धीवर मोटारींना ताशी १२० किलोमीटरची मुभा आहे. उन्हाळ्यात काँक्रीट तापलेलं, गाडीत माणसं आणि सामान खच्चून, टायर मात्र जुने. म्हणून माझी एक विनंती. मुंबईकडे निघालेली गाडी तुमच्याकडे आली की थंड टायरची हवा मोजा, आणि टायरच्या बाजूवरचे शेवटचे चार आकडे वाचा. ३५१८ असतील, तर तो टायर २०१८च्या पस्तिसाव्या आठवड्यात बनलेला आहे. गिऱ्हाइकाला खाली वाकून ते स्वतः वाचायला लावा.