जुनी ट्रॉली डुलते तेव्हा



नवी ट्रॉली परवडत नाही म्हणून आपण जुनी घेतो. कापूस भरून बाजाराला निघालो की ती नागासारखी वळवळते. दोष नुसता रस्त्याला देऊन भागत नाही. आधी ट्रॉली तपासू.

बैलगाडी भरताना आपण काय पाहतो? भार मागे झाला की गाडी उलाळ होते, पुढे झाला की बैलांच्या मानेवर येतो. दोनचाकी ट्रॉलीचंही तेच. भार आसाच्या किंचित पुढे हवा. मागे गेला तर ट्रॉली डुलते. फार पुढे गेला तर ट्रॅक्टरचं तोंड हलकं होतं आणि स्टिअरिंग धरत नाही.

मग रिकामी ट्रॉली पाहू. दोन्ही टायर एकाच मापाचे आहेत का, हवा सारखी आहे का? चाक जॅकवर उचलून वर-खाली हलवू. खडखडलं तर बेअरिंग ढिलं. हूकच्या भोकापासून आसाच्या दोन्ही टोकांपर्यंत दोरी लावू. मापं वेगळी आली तर आस सरकलाय. पाट्यांचे यू-बोल्ट पाहू. झिजलेली पिन बदलू.

कापूस हलका, पण उंच रचला की वळणावर ट्रॉली पलटी होते. कडब्याचंही तसंच. ट्रॉली डुलू लागली तर करकचून ब्रेक नको, वेग हळूहळू सोडायचा. रस्त्यावर ट्रॅक्टरची दोन्ही ब्रेक-पेडल जोडलेली ठेवायची.

पिन बाजारात मिळते, माणूस मिळत नाही. भरल्या कापसावर वेचणीच्या बायांना, पोरांना बसवायचं नाही, एवढं ठरवूनच आज उठू.