गुरांचा सर्रा आणि माणसाचे रक्त



मी कामगार संघटनेचा माणूस. शाळा चौथीतच सुटली. आज सांगतो ते पुढे वाचून शिकलेले आहे.

गुराढोरांच्या सर्रा रोगाचा जंतू ग्रिफिथ इव्हान्स याने १८८० साली डेरा इस्माईल खान येथे घोड्याउंटांच्या रक्तात पाहिला. मोठा लबाड जंतू! जनावराचे रक्त ओळखू लागले की हा अंगावरचे आवरण बदलतो. ठेकेदार नाव बदलून पुन्हा टेंडर भरतो ना, तसा. आफ्रिकेतले याचे भाऊबंद त्सेत्से माशीच्या पोटात वाढतात. त्यासाठी लागणारी काही जनुके याने गमावली आहेत. हा गोमाशीच्या सोंडेला लागून थेट दुसऱ्या जनावरात शिरतो.

माणसाला तो बाधत नाही, अशी समजूत होती. २००४ साली चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याला ताप येई, जाई, पुन्हा येई. रक्तात निघाला हाच जंतू. तुमच्याआमच्या रक्तात त्याला मारणारे एक प्रथिन असते. या शेतकऱ्याच्या रक्तात ते नव्हतेच; आईकडून व बापाकडून आलेल्या त्या जनुकाच्या दोन्ही प्रतींत चूक होती. सुरामिन टोचून तो बरा झाला.

आपल्या धाराशिवकडेही मजूर गोठ्याशेजारीच निजतो. त्याचा ताप म्हणजे मलेरियाच, असे धरून हातावर गोळी ठेवू नये. रक्त काचेवर घेऊन पाहावे, ही माझी मागणी आहे. त्या शेतकऱ्याचे रक्त कुणीतरी सूक्ष्मदर्शकाखाली धरले, म्हणून तर जंतू दिसला. पुढे त्याच्या गावातल्या १८०६ जणांचे रक्त तपासले गेले. जंतू दुसऱ्या कुणात सापडला नाही.